आधी चांगला पाय

प्रिय धाकट्या,

तुझ्या पोरीच्या टाचेचं ऑपरेशन झालं हे मला मैदानावरच्या माळ्याकडून कळलं. घरातलं कुणी सांगायला मोकळं नव्हतं म्हणायचं. असो. काल भेटीच्या वेळेत जाऊन आलो. तुटलेली शीर नऊ आठवडे तशीच राहिल्याने दोन्ही टोकं लांब सरकली होती, मध्ये दुसरीकडचा तुकडा घालून जोडावी लागली. चालेल नीट, पण शंभर मीटरची शर्यत विसरा, असं सर्जनने तिला तोंडावर सांगितलंय. तुलाही सांगितलं असेलच.

तू काय केलंस ते मी तिला खोदून खोदून विचारलं. खुर्चीत बसवलंस, पंजा खाली दाब म्हणालास, तिने दाबला आणि तू म्हणालास, लचकलाय. एक्स-रेत हाड शाबूत, म्हणजे विषय संपला. अरे, एक्स-रेत शीर दिसते का कधी? आणि पोटरीची मोठी शीर तुटली तरी बाजूच्या बारक्या शिरा पंजा थोडा खाली ओढतातच. तिथेच भलेभले फसतात. तिने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं झालं, वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. याच्यापुढे आणखी काय सांगायला हवं होतं तिने? स्टॅम्पपेपरवर लिहून?

तुला आठवतं का, तुझ्या तोंडी परीक्षेच्या आधी तू माझ्याच पायांवर सराव करायचास? मला खाटेवर आडवा करायचास, गुडघा वाकवून पावलावर बसायचास आणि नडगी दोन्ही हातांनी पुढे ओढायचास. पाणी उपसल्यासारखी. मांडीमागचे स्नायू ताठ असतील तर गुडघा सैल असूनही घट्ट लागतो, आधी माणसाला ढिला पड म्हणावं, हे तुला मी दाखवलं. पुस्तक तुझं होतं, पण तू कॉलेजात गेलास की ते मी वाचायचो, शब्दकोश मांडीवर घेऊन. आधी चांगला पाय तपासायचा, मग दुखरा, हा नियम मी सव्वीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही. क्लबाच्या मालिशच्या खोलीतलं टेबल मी स्वतः सुताराकडून दोन इंच उंच करून घेतलं, पावलं कडेबाहेर नीट लोंबावीत म्हणून. तुझ्या दवाखान्यातलं टेबल भिंतीला चिकटवलेलं आहे. पावलं लोंबणार कुठे?

गेल्या वर्षी मी आमच्या गोलकीपरला चिठ्ठी देऊन तुझ्याकडे पाठवलं. गुडघ्याची आतली शीर तुटली असावी, कृपया पाहावे, एवढंच लिहिलं होतं. ‘कृपया’सुद्धा लिहिलं होतं, सख्ख्या भावाला! तू ती चिठ्ठी भरल्या दवाखान्यात मोठ्याने वाचलीस आणि म्हणालास, दादाला सांगा, तेल लावा, निदान लावू नका. लोक हसले. गोलकीपर मला ते सांगताना खाली बघत होता. पुढे मोठ्या तपासणीत शीर तुटलेलीच निघाली. तेव्हा तुझ्याकडून साधा फोनही आला नाही. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे तुझ्या वाटेत येणार नाही. मरू देत.

आता जे लिहितो ते नीट वाच.

तू तिला तपासलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी पोर माझ्याकडे आली होती, चोळून द्या म्हणून. तपासल्याशिवाय मी कुणाला हात लावत नाही. तिला पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर. चांगल्या पायाची पोटरी दाबली, पंजा खाली झुकला. दुखऱ्याची दाबली. पंजा हलला नाही. पुन्हा दाबली. नाही हलला. टाचेच्या वर दोन बोटांवर खड्डा लागला, माझं बोट त्यात बसत होतं. तिने विचारलं, काय हो काका? मी म्हणालो, बाबांनी काय सांगितलं? लचकलाय म्हणाले. मी म्हणालो, मग लचकलाच असेल, ते डॉक्टर आहेत. चोळलं मात्र नाही, उगाच कारण सांगून घरी पाठवली. आठवड्याभरात तुझं तुला कळेल, मग येशील माझ्या दारात, असा माझा हिशोब होता. तुला नाही कळलं. मी वाट बघत बसलो, आणि दिवसागणिक तोंड उघडणं जास्तच अवघड होत गेलं.

काल ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तुझ्याशी बोलत नाही म्हणाली. माझा हात मात्र घट्ट धरला आणि म्हणाली, काका, त्या दिवशी तुम्ही नीट तपासलं असतं तर तुम्हाला नक्की कळलं असतं. तिला वाटतंय मी वरवरच पाहिलं. मी मान हलवली आणि बाहेर आलो. तू चुकलास ते न कळून. माझं तसं नाही. म्हणून हे पत्र तिला वाचायला दे. तू वाचून दाखवू नकोस, तिच्या हातात दे.

तुझाच,
दादा