अठ्ठावीस सी.सी.चे माप

६ जुलै १९५९, सोमवार. वर्धा.
अमेरिकन नर्सबाईंचा दवाखान्यातला मुक्काम संपला. जाताना त्यांनी डॉक्टर कमलाबाईंना फाउंटन पेन दिले आणि मला एक चपटा डबा. डब्यात पातळ रबराची लहान वाटी, खाली बारीक शेपटी. दर महिन्याला कापडाच्या घड्यांऐवजी ही आत बसवायची, ओतायची, धुवायची. त्यांच्या देशात अलीकडे काही बायका वापरतात म्हणे. मी लॅबोरेटरीत काम करते, म्हणून मला समजेल, असे त्या म्हणाल्या. समजले.
निर्णय भावनेवर नको, मोजमापावर घ्यायचा. त्यासाठी ही वही.

९ जुलै.
मेजरिंग सिलिंडरने वाटीचे माप घेतले. तीन रीडिंग: २७.५, २८, २८. सरासरी २८ सी.सी. धरायला हरकत नाही.
फायदे: पावसाळ्यात कापड वाळत नाही, तो प्रश्न मिटेल. घरात कोणाला कळणार नाही, म्हणजे तीन दिवस मागच्या पडवीत बसणे नाही. दुरून सरकवलेले ताट नाही.
तोटे: अजून आढळले नाहीत.
आई गेल्यापासून घर आत्याच्या, म्हणजे अनुसयाबाईंच्या हातात आहे. बाबांनी मला नोकरीची परवानगी दिली तेव्हा आत्याची एकच अट होती. दवाखान्यात काय ते कर, घरी ते तीन दिवस पडवीत. अट मोडली की नोकरी बंद. पण कळले तर मोडली म्हणायची. माझ्या तारखा माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाहीत.

१४ जुलै, सकाळ.
अपेक्षित तारीख, अपेक्षित वेळ. अठ्ठाविसावा दिवस. मी नियमित आहे.
वाटी दहा मिनिटे उकळायला हवी. स्टोव्हवर आत्याचे दूध होते. अस्वच्छ साधन वापरणे चूक, म्हणून या महिन्यापुरते कापड. पडवीतून लिहीत आहे.

२१ जुलै.
आत्याने कपाट आवरताना डबा उघडला. हे काय, असे विचारले. औषधाचे माप, अमेरिकेहून आले, असे मी शांतपणे सांगितले. तिने उजेडात धरून पाहिले आणि नुसते हं म्हटले. पटले असावे.

१० ऑगस्ट.
पूर्वतयारी. वाटी दवाखान्यात उकळून आणली. न्हाणीघरात गेले, कडी लावली. पंधरा मिनिटे तिथे होते. उजेड अपुरा. शिवाय बाहेरून आत्याने दोनदा विचारले, काऊन वं, एवढा येळ काय करून राह्यली.
भिण्याचा प्रश्न नाही. परिस्थिती अनुकूल नव्हती. वाटी डब्यात, डबा कपाटात.

११ ऑगस्ट.
नवा विचार. वाटी वापरण्याआधी, वाटी न वापरता नुसते न सांगितले तर घरात कळते का, हे तपासायला हवे. प्रत्येक प्रयोगाला असा तुलनेचा भाग लागतोच.
म्हणून आज कापडच, पण पडवीत नाही. घड्या दवाखान्यात धुऊन तिथल्याच मागच्या खोलीत वाळत घालीन. स्वयंपाकघरात गेले, पाणी घेतले, लोणच्याची बरणी मात्र उचलली नाही. जड होती.

१५ ऑगस्ट.
कोणीही काही बोलले नाही. निष्कर्ष: घरात कळत नाही. पण एका रीडिंगवर निष्कर्ष काढू नये. सप्टेंबरमध्ये पुन्हा. त्यानंतर ऑक्टोबरपासून वाटी, नक्की.

८ सप्टेंबर.
दुसरे रीडिंग सुरू. घरात महालक्ष्म्यांची धावपळ. आत्याने पुरणपोळ्या लाटायला शेजारच्या कांताबाईंना आधीच सांगून ठेवले आहे. मी विचारले, मी आहे ना. आत्या म्हणाली, तुयी अडचण येईन ना या टायमाले, म्हून. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिले.
तिने अंदाजाने म्हटले असेल.

१० सप्टेंबर.
महालक्ष्म्यांचे जेवण. मी डॉक्टर कमलाबाईंकडून आज जास्तीची ड्यूटी मागून घेतली. श्रद्धेचा संबंध नाही. स्लाइड बऱ्याच साचल्या होत्या. सात होत्या.
संध्याकाळी घरी आले तर कांताबाई पोळ्या झाकून ठेवत होत्या. मी दिसताच त्या आणि आत्या बोलायच्या थांबल्या.

१७ सप्टेंबर.
आत्या चार दिवस निराळी वागते आहे. मला ताटात दोन भाकरी जास्त वाढते आणि पाटाशी बसून मी खाते का ते पाहते. सकाळी आंबट काही खावेसे वाटते का, असे विचारले. मी खरे ते सांगितले, की चिंच मला नेहमीच आवडते. तिने पदर तोंडाला लावला.
हवामान दमट आहे. वयानुसार मन हळवे होते.

१९ सप्टेंबर, शनिवार.
डॉक्टर कमलाबाईंनी बोलावले. समोरची खुर्ची दाखवली, दार लावले. काल आत्या येऊन अर्धा तास रडून गेली, म्हणाल्या. तिचे म्हणणे, श्रावणात पोर पडवीत बसली नाही, भादव्यात बसली नाही, बापाले कळलं त मरन होईन, नोकरी त जाईनच. आत्याच्या देव्हाऱ्यामागे भिंतीवर काजळाची बोटे ओढलेली आहेत, दर महिन्याच्या बसण्याला एक. माझी. चौदाव्या वर्षापासूनची.
म्हणजे माझी नोंदवही माझ्या आधी नऊ वर्षे सुरू झाली होती.
मी सांगितले, की बहुधा पावसाळ्यामुळे अनियमितता. वाटीचे बोलले नाही. लग्न न झालेल्या मुलीकडे तसली वस्तू, हे स्पष्टीकरण मूळ संशयापेक्षा वाईट ठरले असते.
कमलाबाई म्हणाल्या, मला शंका नाही, पण हातात कागद दिला की बाई शांत होईल. त्यांनी गर्भाच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली. ही तपासणी बेडकावर होते. ती करणारी या दवाखान्यात एकच व्यक्ती आहे.

२० सप्टेंबर.
रविवार असूनही ७:१० ला माझ्या लघवीचा नमुना दोन बेडकांना टोचला. १०:१० ला पाहिले. दोन्ही नकारात्मक. बेडूक सुस्थितीत. रिपोर्ट लिहिला, सही केली, नेऊन आत्याच्या हातात दिला. बेडकावरून निष्कर्ष कसा काढतात तेही समजावले.
तिने कागद उलटसुलट करून पाहिला.
"बेडकाले काय समजते वं? अन् खाली सही त तुयीच आहे."
आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. तपासणारी आणि तपासली जाणारी एकच असू नये. माझ्या लक्षात यायला हवे होते.
मग ती म्हणाली, की उद्या संध्याकाळपर्यंत वाट पाहीन, मंग दादाले सांगाच लागन. दादा म्हणजे बाबा.

२१ सप्टेंबर, सकाळ.
६:०० ला आत्याला सांगितले, की मी बाहेरची आहे. पडवीत येऊन बसले. प्रत्यक्षात काहीही नाही. हा खोटेपणा नाही. तात्पुरती सोय.
आत्या दारात उभी राहिली, शिवायचे नाही म्हणून तिथूनच मला डोळ्यांनी चाचपले, आणि खाली बसून रडली. मग हसली. मग काजळाचे बोट ओढायला उठली. थोड्या वेळाने गरम पाटवडी आणि रस्सा आला. दुरून सरकवलेला. ताट मी पूर्ण संपवले.
नोकरी सुरक्षित. यापुढची खरी तारीख ६ ऑक्टोबर, ऐन नवरात्रात. भिंतीवरची तारीख १९ ऑक्टोबर. दोन्ही सांभाळायचे कसे, याचा तक्ता करायला हवा.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
पडवीतून देवघर सरळ दिसते. आत्याने समई पुढे ओढली, तेलाची बरणी उघडली आणि देव्हाऱ्याच्या कोनाड्यातून माझी रबराची वाटी काढली. शेपटी दोन बोटांत धरून तेल घेतले, समईत ओतले, वाटी पुसून देवापाशी पालथी ठेवली.
मी उठू शकत नव्हते. मी बाहेरची आहे.
इथूनच विचारले, की ते केव्हापासून. पोळ्याच्या सणापासून, म्हणाली. डबा कपाटात तसाच आहे, आत वाटी आहे की नाही हे मी १० ऑगस्टनंतर पाहिलेले नाही.
"तुय्या अमेरिकेचं माप लय चांगलं आहे वं. एक थेंब सांडत नाई."
गळतीची चाचणी माझ्या यादीत शेवटची होती.
तेलाने रबर फुगते आणि कमजोर होते. वाटी आता उकळूनही उपयोगाची नाही. सर्व बाजूंनी विचार करून, वाटी न वापरण्याचा निर्णय मी आज घेतला.