तांदळाच्या डब्यातली बॅटरी

आई, आज दुपारी मिटिंगमध्ये मी सात शिकल्यासवरल्या माणसांच्या बोटांना डिंक लावला. ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला हसू आलं नाही. दमलोय मी. एका बटणावरून तीन महिने वाद चाललाय, आणि बटण केवढं, तर चिंचोक्याएवढं.

तळेगावच्या कंपनीत मी अजून बॅटऱ्यांचंच डिझाइन करतो. ऑफिसात टॉर्च म्हणतात, आपल्या घरात बॅटरीच. नव्या बॅटरीला एकच मऊ बटण आणि पाच उजेड हवेत, असं विक्रीवाल्यांचं म्हणणं. मोठा, मधला, बारीक, लुकलुकता, आणि संकटात मदत मागायचा आणखी एक लुकलुकता. खोक्यावर पाच चित्रं छापली की माल उठतो म्हणे. मी म्हणतो, मोठा आणि बारीक एवढे दोन पुरेत, आणि पुढंमागं सरकणारा खटका द्या, म्हणजे न बघता अंगठ्याला कळेल की चालू आहे की बंद. दर मिटिंगला मी हेच दळण दळतो, आणि दर वेळी विक्री खात्यातली ती हुशार मुलगी शांतपणे विचारते, "सर, मागच्या मॉडेललाही एकच बटण होतं ना? टेस्टिंगला कुणाचीच तक्रार नव्हती. रिपोर्टवर तुमचीच सही आहे." मग मी पाणी पितो.

तो रिपोर्ट तुझ्यावर लिहिलेला आहे.

श्रावणातला रविवार होता बघ. आपल्या कुरवंड्यात धुकं असं उतरलंय की दुपारी तीनला चुलीपुढचं माणूस दिसेना, आणि लाईट सकाळपासून गेलेली. मी पिशवीतून बॅटरी काढतो, मी केलेली पहिली. तू हात धुतेस, पदराला पुसतेस आणि मगच घेतेस. मी समजावतो, एकदा दाबलं की मोठा, परत दाबलं की मधला, मग बारीक, मग लुकलुक, आणि बंद करायची तर तीन आकडे मोजेस्तोवर दाबून धरायचं. तू पाढ्यासारखं घडाघडा म्हणून दाखवतेस. पण बोट ठेवलंस की सगळं बिनसतं. मोठ्याचा मधला होतो, बंद करायला जातेस तर लुकलुक सुरू होते, आणि मडकी, फळी, तुझं तोंड, सगळं उघडझाप करायला लागतं. शेजारची मावशी विरजण मागायला आलेली, ती दारातूनच म्हणते, "काय गं, लग्नाचा मांडव घातला का काय?" तू हसतेस. माझं मात्र डोकं फिरतं. "पाचवीतलं पोर दोन मिनिटांत शिकतं. तुला साधं बटण दाबता येईना?" मावशीसमोर म्हणालो मी ते. तू म्हणालीस, "व्हय बाबा, माजंच डोकं चालत न्हाई." बॅटरी पुसून फळीवर ठेवलीस आणि मावशीला विरजण दिलंस. त्या दिवशी जेवताना तू एरवीपेक्षा जास्त बोलत होतीस.

पंधरा दिवसांनी फोनवर विचारलं, "बॅटरी बरी चालते ना?" तू म्हणालीस, "लय झ्याक. समदी इचारत्यात, कुटनं आणली." तेच मी रिपोर्टात लिहिलं. गावातली बाई, साठीची, वापरायला सोपी, तक्रार नाही. माल बाजारात गेला. कामशेतच्या दुकानात टांगलेला दिसला तेव्हा छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू.

आणि तुझी बोटं मला काय माहीत नव्हती? लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात तू आयुष्य काढलंस. पाक ओट्यावर ओतला की गरम असतानाच दाबायचा, लाटायचा, थंड व्हायच्या आत कापायचा. भाजून भाजून तुझ्या बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. माझ्या पायात काटा गेला की तू मावशीला हाक मारायचीस, कारण काटा तुझ्या बोटाला लागायचाच नाही.

तू गेल्यावर, तेराव्याच्या स्वयंपाकाला तांदूळ काढायला मी इंद्रायणीचा डबा उघडला. हात घातला तर बॅटरी लागली. मला वाटलं, चुकून पडली असेल. मावशी तिथंच तांदूळ निवडायला बसली होती. ती म्हणाली, "चुकून न्हाई रं. तिच्याच्यानं बंदच व्हायची न्हाई ती. लुकलुक डोळ्यावर यायची म्हून तांदळात खुपसायची, आपोआप इजंस्तोवर. तू यायचा म्हनलं की चार्जिंग करून फळीवर मांडायची. रोज वापरायची ती जुनी खटक्याची मग पिंपामागं दडवायची." मला का नाही सांगितलं, म्हटलं. "तिनं शपथ घातलेली. पोराच्या कामाला नाव ठिवायचं न्हाई म्हनायची."

म्हणून आजचा डिंक. बोटांवर सुकू दिला, म्हणजे टोकांना काही कळेनासं होतं, डोळे मिटायला सांगितले आणि मागच्या मॉडेलची एकेक बॅटरी हातात दिली. लावा आणि बंद करा, एवढंच. विक्रीतल्या मुलीची लुकलुकायला लागली. तिनं दाबलं, परत दाबलं, शेवटी डोळे उघडून इकडंतिकडं पाहिलं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत बॅटरी फायलीखाली सारली. मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. परत आलो तेव्हा साहेब म्हणत होते, ठीक आहे, खटका ठेवा. इतके दिवस वाटायचं, हे ऐकलं की बरं वाटेल. काही वाटलं नाही.

निघताना ती मुलगी म्हणाली, "सर, त्या रिपोर्टातल्या बाईंना नवीन मॉडेल दाखवू या का?" मी म्हटलं, त्या आता तिथं राहत नाहीत.

तुझी जुनी खटक्याची बॅटरी माझ्याकडे आहे. तीन सेलची जागा रिकामीच असते, हा कागद गुंडाळून त्यात घालून ठेवीन. पाठवायचा कुठं? पण मावशीलाही जे माहीत नाही ते लिहून टाकतो. ती विरजणाला यायच्या आधी, बटणावर बोट ठेवून तू मला हळूच विचारलं होतंस, "दाबलं ग्येलं का रं?" ते मी ऐकलं होतं आई. काय विचारतेस तेही कळलं होतं. पण उत्तर दिलं असतं तर डिझाइन बदलावं लागलं असतं, आणि नमुने सोमवारी द्यायचे होते.