चार बोटं खाली

५ ऑक्टोबर, रविवार

नाही शोभत! सकाळपासून चार वेळा गाडीभोवती फिरलो. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात चार बोटं फट. हात घातला तर सरळ आत जातो. पुण्याहून जुनी घेतली तेव्हा डोळे सगळे रंगावर – आता फटीशिवाय दुसरं काही दिसत नाही. नावाला स्पोर्ट सेडान आणि उभी कशी? रिकाम्या ट्रकसारखी. भरलेला ट्रक कसा बसतो खाली, दमदार दिसतो. वीस वर्षं ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे ठोकतोय, एवढं तर कळतं.

दुकानातल्या सटवाला म्हटलं, हिला खाली घ्यायची. त्यानं पाना ठेवला. "शेठ, आपुन जिंदगीभर गाड्या उचलल्या. खाली बसवायची अक्कल आपल्याला न्हाई." सटवा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बीडला एकाच उस्तादापुढं आम्ही दोघांनी घण मारलेत. म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

पण खोटं नाही. आमच्याकडं येणारा प्रत्येक जण म्हणतो एक पाटा वाढवा, जरा उचला. खाली घ्या म्हणणारा मी पहिलाच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुण्याच्या किटवाल्याशी फोन झाला. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच येतात, अंगावर आटे असतात, फिरवले की गाडी हवी तेवढी वर-खाली. बोलता बोलता विचारतो, "सर, तुमच्याकडे रोड कसे आहेत?"

म्हटलं, आहेत.

"म्हणजे?"

म्हटलं, आहेत म्हणजे आहेत!

हसला. फोन बाजूला धरून हसला, पण माझे कान तिखट आहेत. त्या हसण्यानंच अर्धा निर्णय झाला.

शिवकन्या म्हणते, "मला आत्ताच वाकून घुसावं लागतंय. अजून खाली घेतली की पाट मांडून बसते." बायको आहे, बोलणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अडचण एकच – दुकानाच्या दारातला ब्रेकर. बाकी पाटोद्यापर्यंतचे सगळे ब्रेकर तिरपी घालून निघतील. हा नाही निघत. आज दोरी ताणून मोजला. आत्ताच मी एकटा असलो तरच गाडी पार होते. शिवकन्या बसलेली असली की पोट घासतं. म्हणून ती ब्रेकरअलीकडं उतरते, चालत पलीकडं जाते, परत बसते. घरची गाडी, आणि घरच्याच दारात उतरायचं! जाईबाई तिला रोज म्हणते, "या वैनी, टेका जरा."

जाईबाई आठ वर्षांपासून ब्रेकरच्या बाजूला सीताफळाच्या पाट्या मांडून बसते. गाडी मंदावली की हिचा हात काचेपाशी. सीताफळं संपली की पेरू, मग बोरं, उन्हाळ्यात काकड्या. यावरच नात शिकवली – करिष्मा, लातूरला नर्सिंग झालं, आता दिवाळीला आलीय आणि नोकरी बघतेय.

दुपारी खड्ड्यात उतरून काम करत होतो, बाहेर ब्रेकरवर आवाज झाला – खट्. वर न बघता म्हटलं, "दुसरा पाटा." सटवा बाहेर जाऊन आला. दुसराच! डावीकडचा, मागचा. ड्रायव्हर कपाळाचा घाम पुसत आत आला. "नशीब म्हना, मोडला तर मोडला, म्होरं दुकान हाय."

सगळे हेच म्हणतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

सरपंचाकडं गेलो. मोहनराव तसा दोस्त माणूस, पण आज डोक्यात गेला. म्हटलं, ब्रेकर जरा छिलून घ्यावा म्हणतो.

"तुम्हीच आणला की. शाळेसाठी अर्ज होता, पहिली सही तुमची."

म्हटलं, शाळा गावात हलून चार वर्षं झाली.

"मंग काढून टाकू पुराच."

पुरा? मी गडबडलो. तोंडातून आपोआप निघालं – "पुरा कसा काढता? जाईबाईचं पोट आहे त्याच्यावर."

"मंग ऱ्हाऊ द्या."

"राहू द्या कसं? छिला."

"छिलल्यावर गाड्या थांबत्याल का तिच्याम्होरं?"

तासभर हेच. चहा दोनदा झाला. निघताना म्हणतो, "अभिमन्यूशेठ, तुमाला नेमकं पायजे काय?" स्वतःच्याच बाजूनं बोलायला गेलो आणि स्वतःच्याच विरुद्ध बोलून आलो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

किट मागवलं. ब्रेकरचं पुढं बघू.

१८ ऑक्टोबर, शनिवार

किट आलं. शिवकन्येनं खोक्याकडं बघितलं. "पणत्या आणायला सांगितलेल्या." पणत्या राहिल्या.

२२ ऑक्टोबर, पाडवा

बसवलं! सकाळी ओवाळून घेतलं आणि तसाच दुकानात. सटवा सणाचा येणार नाही म्हणालेला, दहाला हजर. कुरकुरत का होईना, हात त्याचाच साफ. चार बोटांची फट एका बोटावर आली.

गाडी बाहेर काढून उभी केली आणि मी समोरच्या दगडावर जाऊन बसलो. काय दिसते! जमिनीला कान लावून बसल्यासारखी.

सटवा म्हणाला, "खरं सांगा शेठ, कावून एवढी हौस?"

सांगितलं नाही. इथं लिहितो. ऊसतोड संपवून साखर कारखान्यावरून परत येताना आम्ही ट्रकच्या वर बसायचो – पेंढ्या, भांडी, शेळी, आणि त्याच्यावर आम्ही. मी आठ वर्षांचा. झाडाची फांदी आली की आई डोकं दाबायची, "खाली हो, खाली हो." खालून मोटारी जायच्या. काचेतून माणसं दिसायची, रस्त्याच्या अगदी जवळ, आरामात टेकलेली. वाटायचं, खाली बसून जाणारा तो मोठा माणूस.

उंचावरून लई हिंडलो. बस्स.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

अडकली. ब्रेकरवर. मधोमध.

एकटा होतो, तिरपी घातली, दम धरून घातली – तरी पोट टेकलं आणि पुढची दोन्ही चाकं हवेत. उलट्या कासवासारखी. पुढं जाईना, मागं येईना. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू. भाऊबीजेची गर्दी, गाड्यांतून बाया-पोरं उतरून बघायला आली. कुणीतरी म्हणालं, "पाटेवाल्याचीच हाय बे!" मग तर सगळेच उतरले. सटवासकट सहा जणांनी हात लावून उचलली. सहा जणांनी! माझी गाडी, माझ्या दुकानासमोर.

रस्ता बंद म्हणून जाईबाईच्या तिन्ही पाट्या अर्ध्या तासात रिकाम्या. मोठ्यानं म्हणते, "मालक, रोज अडकत जावा!" सगळी हसली. मीही हसलो, हसावंच लागतं.

बहीण ओवाळायला थांबली होती. जेवण गेलं नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ठरवलं होतं, ब्रेकर काढायचाच. मोहनरावाला काय सांगायचं ते पाठही केलं. आणि संध्याकाळी हे ऐकलं.

ट्रॉलीच्या मागं हात धूत होतो. पलीकडं आजी-नात पाट्या उचलत होत्या. मी असल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

"आज्जे, मालक बिरेकर काढायलेत म्हणं."

"काढंना. त्याचाच हाय त्यो."

"त्याचा कसा? रस्ता सरकारी."

"अगं, पाटे मोडायला बसवलाय त्यानं. दरसाली वरून डांबर टाकितो. पुऱ्या फाट्याला ठावं हाय. आपलं त्याच्या आडुशाला चाललं, आपुन कशाला बोलावं?"

करिष्मा हसली नाही. म्हणाली, "मंग मानूस कसला गं ह्यो?"

जाईबाईनं पाटी डोक्यावर घेतली. "चांगला हाय. पावसात ताडपत्री देतो."

नळ चालूच राहिला. बादली भरून वाहून गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार

लिहून टाकतो, कुणी वाचत नाही.

शाळेसाठी अर्ज केला तो खरा होता. एका पोराला जीप लागता लागता राहिली होती. पण ब्रेकर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन ट्रक पाटे मोडून माझ्या दारात. पुढच्या वर्षी रस्त्याचं काम निघालं. डांबरवाल्यांना चहा-भजी पाठवली आणि म्हटलं, उरलेला माल इथं टाका, पोरं जातात येतात. दरवर्षी भजी पाठवली. शाळा हलली त्या वर्षीही पाठवली.

कुणाला दगडानं तर नाही मारलं. ओव्हरलोड भरतात, कधीतरी मोडणारच, रानात मोडण्यापेक्षा दुकानाजवळ मोडलेला बरा – असं मी स्वतःला सांगतो.

लिहून बघितलं. वाईट दिसतंय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

झालं, मिटलं! गाडी परत वर घेतली. आटे उलटे फिरवले, फट चार बोटं. ब्रेकर आहे तसा राहील.

सटवाला म्हटलं, जाऊ दे, म्हातारीच्या पोटावर कशाला पाय? मोहनरावालाही फोन करून सांगितलं – जाईबाईसाठी हौस सोडली. तो म्हणाला, "शेठ, याला दिल लागतं." बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

घरी शिवकन्येला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली.

"जाईबाईसाठी?"

म्हटलं, हो.

"बरं."

एवढंच. वीस वर्षांच्या संसारात मी "बरं" चे सगळे प्रकार ऐकलेत. हे त्यातलं कुठलंच नव्हतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

जाईबाईकडं जाऊन दोन डझन सीताफळं घेतली. तिच्या कानावर गेलेलंच. "माझ्यापायी कावून गाडी उचलली मालक? मी काय जल्मभर बसनार हाय का इथं?" म्हटलं, बस की. तुझ्याशिवाय फाट्याला फाटा कोण म्हणेल?

तिनं पैसे घेतले नाहीत. मी टाकून आलो.

३ नोव्हेंबर, सोमवार

उसाच्या गाड्या सुरू. सकाळी एक खट् – पहिला पाटा, पुढचा उजवा. दुपारी एक – दुसरा. दोन्ही बरोबर सांगितले. सटवा कौतुकानं मान हलवायचा पूर्वी. आज नुसता बाहेर गेला, पाटा घेऊन आला.

गाडी झाकून ठेवलीय. फट बघवत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जाईबाईची जागा रिकामी. करिष्माला लातूरला दवाखान्यात नोकरी लागली, काल आजीला कायमची घेऊन गेली. मी बीडला लोखंड आणायला गेलतो.

जाताना ताडपत्री घडी घालून शिवकन्येकडं दिली. निरोप दिला – "मालकाला म्हनावं, आता खुशाल बिरेकर काढा. माझं नाव पुढं करू नका."

दुपारी बाहेर आवाज झाला. खट्. सटवा माझ्याकडं बघत उभा राहिला.

कितवा पाटा ते मी सांगितलं नाही.