साल्व्हियाची वाडी

४ नोव्हेंबर, मंगळवार
संयोगिताचा सांगलीहून फोन. डोहाळजेवण आपल्याकडे, कराडला. तारीख ठरली, २५ जानेवारी. रथसप्तमी आणि वर रविवार. राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणी. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण.
मी जागच्या जागी जाहीर केलं. लेकीची फुलांची वाडी बापाच्या बागेतल्या फुलांनी भरायची. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं घरचं. राजेश्वरीने विचारलं, बाग कुठाय? हात करून दाखवली. सध्या तिथे मेथी आहे.
फूल ठरलंय : साल्व्हिया. लालभडक तुरे. एका इंग्लिश बाईच्या व्हिडिओत पाहिलं. बाई तुऱ्यावरून बोट फिरवते आणि हसते, बस्स. तीस वर्षं साखर कारखान्याच्या शेती खात्यात काढली मी. अख्ख्या तालुक्याला ऊस शिकवला. साल्व्हिया म्हणजे किस झाड की पत्ती.

७ नोव्हेंबर
मेथी उपटली. जेवायला मेथीच होती. ढीगभर.
रोपं आणली. नर्सरीवाला फुललेल्या कुंड्या गळ्यात मारत होता. म्हटलं, आयती फुलं नेणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं.

१६ नोव्हेंबर
युरिया दिला. ऊस असो नाहीतर साल्व्हिया, भूक सगळ्यांना सारखीच.
शेजारचे अमृतराव कंपाउंडवरून बघत होते. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस, दुसरा उद्योग नाही. म्हणाले, "आवं लालासाहेब, फुलझाडं हाईत का फड लावलाय?" हसून सोडून दिलं. जळतात लोक.

३० नोव्हेंबर
वाढ जबरदस्त! पानं तळहाताएवढी. फूल नाही.
राजेश्वरीला शास्त्र समजावलं, की झाड आधी अंग धरतं, मग फुलतं. ती म्हणाली, अंग तर तुमीबी धरलंय रिटायर झाल्यापासनं.
उद्यापासून मॉर्निंग वॉक.

१ डिसेंबर
वॉक नाही. बागेला पाणी घालायचं होतं.

९ डिसेंबर
तुरा आला! एक. चौदा अँगलनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. संयोगिताने हार्ट पाठवलं. विहीणबाई बनुबाईंचा अंगठा आला. नुसता अंगठा. सांगलीची माणसं मोजकीच बोलतात.
पण चिंता. इंग्लिश बाई सांगते, साल्व्हिया फार नाजूक, दव गोठून हिम झालं की एका रात्रीत खलास. अमृतराव म्हणाले, "कराडात कवा हिम पडलंय? पडलं तर म्हाबळेश्वरात पडंल." म्हटलं, हवामान बदललंय, अमृतराव. पेपर वाचत जा.

११ डिसेंबर
सोलापुरी चादरी वापरून सर्व रोपं गुंडाळली.

१२ डिसेंबर
राजेश्वरीने सर्व चादरी परत नेल्या. "लेकीच्या सासरची माणसं आल्यावर पांघरायला काय देऊ, रोपं?" असा प्रश्न.
प्लॅस्टिकचा कागद आणला. कडेने विटा ठेवून पॅकबंद. चादरीपेक्षा हेच बरं. कारखान्यात असताना मी नेहमी म्हणायचो, अडचण ही संधी असते.

१३ डिसेंबर
लोणंदला जुन्या सहकाऱ्याकडे निघालो. दोन दिवस. राजेश्वरीला बजावलंय, प्लॅस्टिकला हात लावायचा नाही. ती म्हणाली, ऊन लय पडतंय ओ. म्हटलं, हात लावायचा नाही.

१५ डिसेंबर
घात झाला. हिम पडलं!
कागद काढला तर आतली रोपं काळी, मऊ, आडवी. कोबी उकडल्यासारखा वास. मी म्हटलं नव्हतं? अमृतरावांना बोलावून पुरावा दाखवला. त्यांनी वाकून बघितलं. म्हणाले, "हिम न्हाई गड्या. शिजलंय हे." फौजी माणूस, शेतीतलं काय कळणार?
कडेच्या पाच रोपांत धुगधुगी आहे.

१६ डिसेंबर
पाचही पेशंट कुंड्यांत घालून हॉलमध्ये घेतले. सोफा गॅलरीत. राजेश्वरी म्हणाली, मग आपण बसायचं कुठं? गॅलरीत हवा चांगली असते.

२ जानेवारी
नवीन वर्षाचे संकल्प : वॉक, कमी साखर, शांत डोकं.
हॉलमध्ये पांढरी माशी झाली. टीव्ही लावला की सगळ्या पडद्यावर बसतात. राजेश्वरीची सीरियल चालू असताना नायिकेच्या अंगावर देवी आल्यासारखं दिसतं. ती चिडली. मीही चिडलो. संकल्प १४ तारखेपासून, संक्रांतीला. तोच खरा आपला.

६ जानेवारी
कळ्या! पाचही रोपांवर! लेकीला फोन करून सांगितलं, तुझ्या अंगावर एक विकतचं फूल पडणार नाही.

९ जानेवारी
नवा व्हिडिओ. बाई म्हणते, शेंडे खुडा म्हणजे झाड भरगच्च होतं. खुडले. पाचही झाडांचे. एकदम प्रोफेशनल दिसतायत.

१० जानेवारी
व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. खुडल्यावर पुन्हा फुलायला पाच-सहा आठवडे लागतात.
कळ्या शेंड्यालाच होत्या.
राजेश्वरीला तूर्त सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतो.

१५ जानेवारी
योग्य वेळ आली नाही, राजेश्वरीच आली. कुंड्यांपुढे उभी राहिली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, पोरीला काय सांगू?
थोड्या वेळाने आत फोनवर तिचा आवाज. बाहेर येऊन म्हणाली, संयोगिता रडली. म्हणत होती, सासरच्या सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, पप्पा स्वतः फुलं लावतायत म्हणून.
साखर जास्त घालून चहा घेतला.

२० जानेवारी
तीन रोपं गेली. पाणी कमी पडलं. किंवा जास्त झालं.

२३ जानेवारी
राजेश्वरीला न सांगता फुलवाल्यांकडे जाऊन आलो. सगळे म्हणाले, रथसप्तमीचं काम घेऊन बसलोय, इतक्या उशिरा वाडी होत नाही. एकाने प्लॅस्टिकची दाखवली. निळी.
घरी आल्यावर राजेश्वरीने विचारलं, कुठं गेलावता? म्हटलं, वॉकला.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
कार्यक्रम पार पडला.
वाडी झाली. शेवंतीची. बनुबाई सांगलीहून येतानाच टोपलीभर घेऊन आल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, काही राहिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, असू द्या पाव्हणं, लेक दोघांची हाय. बाकी एक शब्द नाही. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.
संयोगिता झोपाळ्यावर बसली. पिवळी वाडी, हिरवी साडी. मला बघवेना, आणि नजरही हलवेना.
फोटोत आपलं काहीतरी असावं म्हणून उरलेल्यातली बरी कुंडी गुपचूप झोपाळ्याशेजारी ठेवली होती. फूल नाही, बारकी पानं, खुडलेल्या काड्या. ओटी भरून झाल्यावर बनुबाईंचं लक्ष तिकडं गेलं. "आवं पाव्हणं, तुळस लय छान जपलीया!" म्हणाल्या आणि हळदीकुंकू वाहिलं. तांब्याभर पाणी घातलं. मग रांगच लागली. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका. दारातून अमृतराव बघत होते, त्यांनीही हात जोडले.
सांगावं म्हणून मी पुढे झालो. तोंडही उघडलं. संयोगिता माझ्याकडेच बघत होती, ओठ दाबून. हसू की रडू, कळलं नाही. पोट धरून गदगदा हलायला लागली तेव्हा कळलं. आई गं, पप्पा, एवढंच म्हणाली. महिन्याभरात तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.
मी तोंड मिटलं.
राजेश्वरीने मागून कोपर मारलं. म्हणाली, बघताय काय नुसतं, तुमीबी पाया पडा.
पडलो.