सगळ्यांच्या मागे

अहो,

तुम्हाला उठवलं नाही. डोंगरावर चाललेय, संध्याकाळी येईन. दूध तापवलंय, निवलं की फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर मागच्या रविवारसारखं नासेल. भाजी चिरलेली आहे, फोडणी तुमची तुम्ही द्या. हात झिजणार नाहीत.

गुडघे ठणकतायत. माझा पट्टा सापडेना, म्हणून तुमच्या आईंच्या कपाटातला त्यांचा घेतला. त्यांचा तो पलंग आता तरी कुणाला देऊन टाका. त्यांना जाऊन सहा महिने झाले, मी अजून पाचला औषध द्यायला उठते.

मला चढणं फारसं जमत नाही, हे तुम्ही सगळ्यांना सांगत असताच. खरंय, साठीला आले. पण गेल्या खेपेला एक बाई अर्ध्या चढावर मटकन बसल्या आणि रडायलाच लागल्या. मी त्यांच्या काखेत हात घातले, गुडघ्याला गुडघा टेकवला आणि आईंना उठवायचे तसं उठवलं. आम्हाला डोंगरावर नेणारे सर बघत होते. म्हणाले, "काकू, आजपासून तुम्ही सगळ्यांच्या मागे. दमलेल्यांना तुम्ही आणायचं." म्हणून आज दांडी मारता येत नाही. तिथे माझी वाट बघतात.

काल पाय शेकताना मी म्हटलं, दमले. तुम्ही लगेच, "मग जातेस कशाला?"

अकरा वर्षं आईंना उचलत होते, तेव्हाही रोज म्हणायचे, दमले. तेव्हा एकदाही विचारलं नाहीत.

— मी