पाचापैकी किती वाचली?

आदरणीय अक्कास,
धाकट्या कवड्याचा प्रभूमध्ये सलाम.

टक्, टकटक, टक्. टक्, टकटक, टक्. ओळखलास आवाज? पाचवीतले आपले मराठीचे मास्तर कविता म्हणताना खडूच्या डब्याच्या झाकणावर अंगठी आपटायचे, तो. काल दुपारी मोरीतला नळ नीट बंद झाला नाही आणि बादलीत थेंब हुबेहूब त्या चालीत पडायला लागले. नळ वृत्तात गळतोय म्हटल्यावर तो बंद करायचा धीर कुणाला होणार? मी अर्धा तास डोळे मिटून ऐकत बसलो. बादली भरून वाहिली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांनी (या माणसांना छंदोबद्ध काही म्हणून आवडत नाही) काठीनं छत ठोकलं. तेही बेतालच.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून सगळ्या घराला उठवतो? सूनबाई आणि नातवंडांना आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त पाठ धरलीय. ते दुखणं वयाचं नाही. माझ्या गादीखाली पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर आहे आणि गेले नऊ दिवस मी त्यावर झोपतोय. ते तिथं कसं आलं आणि तिथून का हलणार नाही, हे सांगायला हे पत्र. आधीच सांगून ठेवतो, मी माफी मागणार नाही. तू माझ्या वतीनं मागायला जाशील. पहिलीपासून तू तेच करत आलीस. या वेळी मागायची नाही. तुला माझी शपथ.

आता मुळापासून. आमच्या चर्चमध्ये औंदा वाचनमंडळ निघालं. काढलं चिटणीस बाईंनी. या दवाखान्यातल्या निवृत्त मेट्रन. प्रत्येक वाक्य संपलं की पेनाच्या टोकानं टेबलावर एक टिचकी मारतात, म्हणून मी त्यांचं नाव पूर्णविराम ठेवलंय. (माझ्यापुरतंच होतं. आता सगळी मंडळी म्हणते. त्यात माझा काय दोष?) बाई कडक, पण शब्दाच्या पक्क्या. एकुलता मुलगा लांबच्या देशात असतो. रविवारी दुपारी बारा वाजता त्याचा फोन येतो आणि उपदेश बाराच्या पुढे सरकला तर पाळकसाहेबांचं काही खरं नसतं. तर त्या उभ्या राहून म्हणाल्या, "आपण मेथडिस्ट. आपल्या नावातच पद्धत आहे. वाचनालाही पद्धत हवी." टिचकी. वर्षाला पाच पुस्तकं. दोन आत्मिक वाढीची, तीन सामाजिक जाणिवेची. जो वाचेल त्याला प्रमाणपत्र, आणि हिशोबाला एक रजिस्टर. रजिस्टर म्हटल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण शाळेच्या कचेरीत चाळीस वर्षं मी दाखल्यांवर मुलांची नावं लिहिली आणि माझ्या अक्षराला अजून तोड नाही. (हे मी म्हणत नाही, पाळकसाहेब म्हणाले. मी फक्त आठवण करून दिली होती.)

पहिल्याच दिवशी खटका उडाला. आत्मिक वाढीच्या रकान्यात मी आपलं पाचवीचं कवितांचं पुस्तक लिहिलं. पूर्णविराम म्हणाल्या, ते चालणार नाही, ते क्रमिक पुस्तक आहे. मी म्हटलं, बाई, माझा आत्मा जो काही वाढला तो त्यातल्या नावाड्याच्या मुलीच्या कवितेवर वाढला. त्यानंतर वाढल्याचं मला तरी आठवत नाही. त्यांनी टिचकी मारली आणि पुस्तक यादीतून गेलं. मी तेव्हा गप्प बसलो, अक्का. ते आत साचत गेलं असणार.

बैठक शनिवारी दुपारी चारला, चर्चच्या मागच्या खोलीत. पंखा एक, खुर्च्या अकरा, आणि औषधवाले (कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान यांचं) जी खुर्ची धरतील तिचा पाय मोडका. हे गृहस्थ पुस्तकाची फक्त पाठ वाचतात, तीसुद्धा बैठकीत इतर बोलत असताना, आणि मग सगळ्यांत जास्त बोलतात. एका शनिवारी आम्ही सामाजिक जाणिवेतलं दुसरं पुस्तक घेतलं, श्रमाची प्रतिष्ठा या विषयावरचं. चर्चा अशी रंगली की सव्वासहा वाजले. तोवर चावीवाल्या मावशी बाहेर पायरीवर बसून होत्या. या वीस वर्षं चर्च झाडतात, बाकं पुसतात आणि सगळ्या कुलपांच्या चाव्या कमरेला लावून फिरतात. आम्ही उठल्याशिवाय त्यांना कुलूप लावता येत नव्हतं आणि कुलूप लावल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. श्रमाच्या प्रतिष्ठेनं भारावून आम्ही बाहेर पडलो आणि औषधवाले त्यांना म्हणाले, "मावशी, कप तेवढे विसळून टाका हं." मी ऐकलं. माझाही कप त्यात होता. मी काही बोललो नाही, कारण डोक्यात एक ओळ घोळत होती.

आता माझी चूक. चूक कबूल, माफी नाही. रजिस्टरातला शेवटचा रकाना अरुंद निघाला. तिथं लिहायचं होतं, 'पाचापैकी किती पुस्तकं वाचली'. लाल शाईनं, वळणदार अक्षरात ते मावेना, म्हणून 'पुस्तकं' हा शब्द मी गाळला. चाळीस वर्षांच्या लिखापढीत शब्दाची काटकसर केली ती ही एवढीच. वर्षअखेरच्या रविवारी उपासनेनंतर मी दाराशी टेबल टाकून बसलो आणि येईल त्याला विचारत सुटलो, पाचापैकी किती वाचली? पूर्णविराम म्हणाल्या पाच. औषधवाले म्हणाले दीड. पाळकसाहेबांनी इकडेतिकडे बघून बोटांनी तीन दाखवली आणि मग एक बोट मिटलं. असं चाललं होतं. माझी मान खाली, टाक चाललेला, आणि मनात नावाड्याची मुलगी वल्हं मारत होती. गर्दी ओसरली. समोर एक सावली आली. मी मान वर न करता विचारलं, "पाचापैकी किती वाचली?"

मग आवाज आला, "तीन वाचली, साहेब. दोन नाही वाचली."

आणि अक्का, मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "हरकत नाही. राहिलेली दोन पुढच्या वर्षी बघू!"

"आता कसलं पुढचं वर्ष?" एवढंच बोलून सावली गेली. मी मान वर केली तर पाठमोऱ्या मावशी. टेबल उचलायला आल्या होत्या, न उचलताच गेल्या. मला वाटलं, बाई घाईत आहेत. वा, तीन पुस्तकं! मी कौतुकानं तीन लिहिलं. नाव लिहायला गेलो तेव्हा कळलं की वीस वर्षांत मला त्यांचं नाव ठाऊक नाही. 'मावशी' असं लिहिलं आणि खाली एक वेलांटीदार रेघ ओढली. शोभेसाठी.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी यादी वाचली. मावशी, तीन. बाकांवर कुजबुज झाली. औषधवाले (दीड!) मोठ्यानं हसले. मावशी मागच्या दाराशी फडकं घेऊन उभ्या होत्या. पूर्णविराम उठल्या आणि गोड आवाजात, जो त्या इंजेक्शनच्या आधी वापरत असाव्यात, म्हणाल्या, "कुठली तीन वाचली, सांगा बरं सगळ्यांना."

मावशी म्हणाल्या, "थोरली, मधला आणि शेंडेफळ."

औषधवाल्यांनी माझ्या कानात विचारलं, "ही कुठल्या यादीतली हो?"

"पाच झाली मला," मावशी म्हणाल्या. "दुसरी आणि चौथा तापात गेली. एकाच आठवड्यात. साहेबांनी विचारलं म्हणून सांगितलं."

अक्का, तो सूर मी ओळखला. आई असंच सांगायची, आठवतं? नव्या शेजारणीनं विचारलं की चुलीकडे बघत म्हणायची, सहा झाली, दोन वाचली. आपण दोघं आईची वाचलेली. आणि मी, आईचा वाचलेला, एका बाईला म्हणालो होतो की राहिलेली दोन पुढच्या वर्षी बघू.

त्याच संध्याकाळी समिती बसली. ठराव असा की लेखनिकाच्या अनवधानानं चुकीची नोंद झाली, तरी लेखनिकानं ती ओळ खोडून बाजूला सही करावी. मी म्हटलं, खोडणार नाही. पूर्णविराम म्हणाल्या, "पद्धत म्हणून काही आहे की नाही?" टिचकी. मी म्हटलं, आहे ना. रकान्यात विचारलंय किती वाचली. काय वाचली, हे विचारलेलं नाही. मावशींनी विचारलेल्याचं खरं उत्तर दिलं. आणि खरंच खोडायला बसलो तर खरं उत्तर न देणाऱ्यांपासून सुरुवात करावी लागेल. (इथं औषधवाल्यांनी पंख्याकडे पाहिलं आणि पाळकसाहेबांनी बुटांकडे.) मग विचारा मला, ही नोंद आत्मिक वाढीत धरायची की सामाजिक जाणिवेत? कुठंही धरा. आपण वर्षभर जी जाणीव पुस्तकात शोधत होतो ती पायरीवर चाव्या घेऊन बसली होती आणि आपण तिला कप विसळायला सांगितले! आयुष्यात पहिल्यांदाच एवढं सलग गद्यात बोललो. मग रजिस्टर कोटाखाली घातलं आणि निघून आलो. त्याला तू चोरी म्हण, मी ताबा म्हणतो. पाठोपाठ चिठ्ठी आली की येत्या शनिवारपर्यंत ओळ खोडून रजिस्टर परत करावं, नाहीतर मंडळातून नाव कमी होईल. होऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर गेलो, मावशींशेजारी बसलो. म्हटलं, मी बोललो ते फार वाईट बोललो. आणि आधी त्यांचं नाव विचारलं. (ते रजिस्टरात आहे आता, पूर्ण, लाल शाईनं. तुला सांगत नाही. ज्याला हवं त्यानं जाऊन त्यांनाच विचारावं.) मग विचारलं, समिती म्हणते तशी ओळ खोडू का? नोंद तुमची आहे, तुम्ही सांगाल तसं.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांत किती वाचली म्हणून कुणी विचारलं नव्हतं. पण पुस्तकांचं तीन खोटं आहे ना, साहेब? मग ते खरं करू. मला शिकवा."

तेव्हापासून रोज चार वाजता त्या माझ्याकडे येतात. अकरा अक्षरं झाली. 'च' त्यांनी एका दिवसात घेतला, कारण तो चावीतला. पुढच्या वर्षी त्या यादीतली तीन पुस्तकं वाचतील, सगळ्यांसमोर उभ्या राहून सांगतील कुठली, आणि मग बघू टिचकी कोण मारतं. तोवर ओळ तशीच राहील आणि मी तिच्यावर झोपेन. पाठ मोडली तरी चालेल.

भाऊजींना सलाम. गुडघ्याला जप.

तुझा हट्टी धाकटा,
कवडा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. आपलं पाचवीचं पुस्तक तुझ्याकडे आहे का, निळ्या पुठ्ठ्याचं? मावशींना पहिला धडा म्हणून नावाड्याच्या मुलीची कविता द्यायची आहे आणि ती मला सगळी पाठ आहे, असं मी छातीठोकपणे सांगून बसलोय. पण तिसऱ्या कडव्यात 'वल्ह्यावरती थेंब थांबला' इथवर येतो आणि पुढे होडी हलत नाही. चार दिवस थेंब थांबलाय. लवकर पाठव. आत पहिल्या पानावर बक्षिसाची चिठ्ठी आहे, ती मात्र काढून ठेव. ते बक्षीस तुझं होतं आणि गेली साठ वर्षं मी लोकांना माझं म्हणून सांगतो.

ता. क. दोन. रजिस्टरात माझ्या नावापुढे पाच आहे. लिहिलं मीच. पाचातलं एकही वाचलेलं नाही, प्रार्थनेवरच्या पुस्तकाच्या चौदाव्या पानावर मला जानेवारीपासून झोप लागतेय. हे भाऊजींना सांगू नकोस.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. मावशींची वेळ चारची, आत्ता तीन. भोकातून पाहिलं तर पूर्णविराम! समिती नाही, पर्स नाही, एकट्याच. मी दाराआडूनच ठणकावलं, "खोडणार नाही!" त्या बाहेरून म्हणाल्या, "नकाच खोडू. माझ्या नावापुढचं पाच तेवढं खोडा. दोन झाली, एक वाचलं, असं लिहा." मी टिचकीची वाट पाहिली. पडली नाही. अक्का, त्या अजून बाहेरच उभ्या आहेत आणि मी वेडा आधी तुला लिहायला धावलो. थांबतो. खुर्चीवरचे कपडे उचलायचेत, आणि लाल शाई कुठं ठेवली ती सापडत नाहीये.