फळ्याची खालची ओळ

कोल्हार,
मंगळवार, ता. २३ जानेवारी १९७३

प्रिय रंगनाथ,

नूरमहंमदचा सलाम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, तूही दिल्लीच्या थंडीत बरा असशील असं धरून चालतो. तुझं कार्ड येऊन इतके दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मनात दोन शिव्या दिल्या असशील. त्या पोचल्या असं समज. अजून दोन राखून ठेव, लागतील.

गावचं विचारशील तर प्रवरेच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळतात. पाटाला पाणी कधी सुटणार ते पाटकऱ्यालाही सांगता येत नाही. अर्धं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातं. दुष्काळात पेंटरला कोण विचारतो? दुकानाची पाटी रंगवायला आधी दुकान चालावं लागतं. सुरय्या कोंबड्यांवर आणि माझ्यावर ओरडून घर चालवते आहे, आणि खरं सांगतो, चांगलं चालवते आहे.

तुझ्या आईची, छबूमावशीची तब्येत ठीक आहे. तू पाठवलेली शाल तिने पेटीत घालून ठेवली. मी म्हणालो, अगं पांघर की. तर म्हणाली, "खडीवर घिऊन गेले तर फाटंल. रंगू आला की त्याच्या म्होरं पांघरीन." हातोडीने तिच्या बोटांना घट्टे पडलेत, पण तक्रार नाही. कामावर खायला सुकडी मिळते ती घरी आणून शेजारच्या पोरांना वाटते. बाकी तिच्याबद्दल पुढे लिहितो.

वाचनालयाबाहेरच्या आपल्या फळ्याचं सांगायचं आहे. हे सुरू झालं तो दिवस तुला आठवतो का? निवडणूक होऊन गेली होती, तू रजेवर आला होतास आणि वाचनालयाच्या पायरीवर बसून म्हणालास, "नूर, आपण मत देताना त्यांचं चिन्ह बघतो. ते दिल्लीत कुठं मत देतात ते कोण बघतं?" मी म्हणालो, तू बघ, मी लिहितो. तेव्हापासून तू लोकसभेचं छापील कामकाज वाचून कार्डावर कळवायचं, आपले खासदारसाहेब हजर होते का, काय विचारलं, कोणत्या बाजूला मत दिलं. आणि मी दर सोमवारी ते फळ्यावर उतरवायचं. त्यांच्या निवडणूक खर्चाचा हिशेब बघायला मी नगरच्या कचेरीत जाऊन आलो होतो. त्यांनी दोन जीपा दाखवल्या होत्या आणि तिसरी तर आपल्याच गावात चिखलात रुतली होती, तेही लिहिलं. आधी लोक हसले. मग थांबून वाचायला लागले. मग तर भांडण झालं की म्हणायचे, चल, फळ्यावर काय आहे ते बघू.

आणि मावशी. तिला अक्षर ओळखू येत नाही, पण सोमवारी कामावर जाताना फळ्यापुढे उभी राहणार आणि विचारणार, "रंगूनं काय धाडलंय?" मी वाचायचो. ते ऐकून खडीवरच्या बायकांना सांगायची. माझा मुलगा दिल्लीत सायबावर नजर ठिवून हाय, असं.

गेल्या आठवड्यातल्या सोमवारी तुझं कार्ड फळ्यावर लिहिलं. दुष्काळावर चर्चा झाली त्या दिवशी आपले खासदार सभागृहात नव्हते, बोलले नाहीत, मतदानाच्या यादीतही नाव नाही. मावशीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

त्याच दिवशी संध्याकाळी सरपंच राधाकृष्णअण्णा घरी आले. साहेब बुधवारी येणार, सत्कार आहे, मानपत्र हवं. "अक्षर तुझं आणि मजकूरही तूच बघ," म्हणाले. तुला माहीत आहे, मी पैलवानांना लिहिलीत, रिटायर झालेल्या मास्तरांना लिहिलीत. मानपत्रात जसं लिहितात तसं लिहायचं असतं. ज्या मास्तरांनी आपल्याला छडीने फोडून काढलं त्यांना मी 'मायेचा सागर' लिहिलं होतं आणि तू पोट धरून हसला होतास. मंगळवारी बसलो. वेलबुट्टी काढली, वर सोनेरी कमान काढली, मजकूर लिहिला आणि खाली चार बोटं जागा उरली. कागद उघडा दिसत होता. म्हणून मी लिहिलं, 'दुष्काळपीडितांचा आक्रोश आपण लोकसभेत निर्भयपणे मांडलात.' रंगा, कोणी सांगितलं नव्हतं. कोणी पैसे जास्त देणार नव्हतं. जागा भरायला लिहिलं. आणि लिहून झाल्यावर लांबून बघितलं, तर छान दिसत होतं.

त्याच हाताने, एका दिवसाच्या अंतराने. मला ते खटकलंसुद्धा नाही. फळा वेगळा आणि मानपत्र वेगळं, असंच डोक्यात होतं.

बुधवारी देवळापुढे मांडव होता. साहेबांना फेटा बांधला, मानपत्र वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. साहेब बोलायला उठले आणि म्हणाले, दिल्लीत तुमच्या दुष्काळाचा प्रश्न मी धसास लावला. तेव्हा बायकांच्या बाजूने तुझी आई उभी राहिली. पदर नीट घेतला आणि म्हणाली, "सायेब, रागावू नगा. दिल्लीत दुष्काळाचं बोलनं झालं त्या दिशी तुमी तितं न्हवते. माजा रंगू तितं ऱ्हातो, त्यानं कळवलंय."

साहेब काही चिडले नाहीत. हसून म्हणाले, "मावशी, मुलगा काय करतो दिल्लीत?"

"टायपिंग करतो."

थोडे लोक हसले. मग साहेबांनी मानपत्राची फ्रेम उचलली, ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" अण्णांनी मला पुढे ढकललं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "फळा लिहितात ते हेच ना? यांच्या अक्षरावर तर गावाचा भरवसा आहे. सांगा पेंटर, हे तुम्हीच लिहिलंत ना?"

मी म्हणालो, "हो साहेब."

एवढंच बोललो. ते खरं आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. त्यांचा हात खांद्यावर होता आणि खोटं कशाला बोलू, मला तो बरा वाटत होता. मग मात्र मांडव खदखदून हसला. मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, रंगूला म्हनावं चष्मा लाव." तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बसली. चहा यायच्या आत उठून गेली.

घरी आल्यावर सुरय्या म्हणाली, "तुमचं तोंड कुणी शिवलं होतं का?" त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मी गुरुवारी मावशीकडे गेलो, सगळं सांगायचं ठरवून गेलो. ती चुलीपुढे होती. मला बघून म्हणाली, "ये नूऱ्या, बस. तोंड का उतरलंय?" मी म्हणालो, मावशी, कालचं ते. तर माझंच बोलणं तोडून म्हणाली, "आरं, तू नगं मनाला लावून घिऊ. रंगूचंच वाचायचं चुकलं आसंल. दिसभर टायपिंग करून डोळं दुकत्यात त्याचं. तुज्या हातचं लिवलेलं कदी खोटं न्हाई. पर त्याला कळवू नगंस, बिचाऱ्याला लई वाईट वाटंल."

आणि मला चहा दिला. गुळाचा, माझ्यासाठी शेरडाचं दूध घालून. मी तो प्यालो रंगा, कप खाली ठेवला आणि घरी आलो. तुझ्या आईला आज असं वाटतं की तू चुकलास, आणि तिला हे वाटतं ते माझ्यावर विश्वास आहे म्हणून. हे लिहिताना मला माझ्या हाताची लाज वाटते आहे.

काल सोमवार. पहाटे उठून फळ्यावर गेलो. वर नेहमीसारखं खडूने लिहिलं, खडीची हजेरी आता सातला लागणार वगैरे. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटने ओळ लिहिली. 'दुष्काळाच्या चर्चेला आपले खासदार हजर नव्हते, रंगनाथ खरा, मानपत्रातलं खोटं माझं. नूरमहंमद पेंटर.' ब्रश धुतच होतो तेवढ्यात मावशी आली. हातोडी खांद्यावर. मी वरचं वाचून दाखवलं.

"आन खाली काय लिवलंय? ती वल्ली ओळ?"

मी म्हणालो, "माझी सही हाय, मावशी."

"लई मोठी सही हाय रं," म्हणाली आणि कामाला गेली.

नंतर गाव जमलं, सगळ्यांनी वाचलं. अण्णांनी येऊन तमाशा केला, घासून काढ म्हणाले. ऑइलपेंट आहे, तोवर वाळला होता, त्यांच्या पोराने पाण्याने घासून बघितला, निघत नाही. लोकांनी मान खाली घातली आणि पांगले. पण मावशीला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी हसले होते तेच सगळे, तेव्हा तिच्यासमोर तोंड कोण उघडणार? तोंड मीच उघडायचं आहे आणि ते माझ्याच्याने होत नाही.

म्हणून तुझ्याकडे मागतो. तू तिला पत्र लिही. जे झालं ते सगळं लिही, माझं नाव घालून लिही. तुझं पत्र आलं की ती ते वाचून घ्यायला माझ्याकडेच येते, दुसऱ्या कोणाकडे जात नाही. मी तिला समोर बसवीन आणि शब्दाला शब्द वाचून दाखवीन. माझं मला सांगता आलं नाही, पण तुझं लिहिलेलं मी आजवर बदलून वाचलेलं नाही. त्या राखून ठेवलेल्या दोन शिव्याही त्यातच घाल. त्याही मोठ्याने वाचीन.

तुझ्या पत्राची वाट बघणारा, आणि पोस्टमन दिसला की आत पळणारा,
नूर